प्रोबायोटिकची पुडी फोडण्याआधी : कारण शोधण्यापासून औषध थांबवण्यापर्यंतचे टप्पे

"दादा, पोट बिघडलंय, ती चांगल्या बॅक्टेरियाची पुडी द्या." सांगली असो, कराड असो की सातारा, मेडिकलच्या काउंटरवर ही मागणी आता रोजची झाली आहे. मागणीत वावगं काही नाही, क्रम मात्र उलटा आहे. आधी पुडी विकत घेतली जाते. ती दिवसभर गाडीच्या डिकीत तापते, मग चहाबरोबर पोटात जाते आणि चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली जाते. पोट मुळात बिघडलं का, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. जुलाबाने मलूल झालेल्या लेकराला पुडी मिळते आणि ओआरएस मिळत नाही, हे तर बघवत नाही.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले चार टप्पे पैसे खर्च करण्याआधीचे आहेत. बरीच मंडळी त्या चारांतच थांबतील आणि तेच त्यांच्या हिताचं असेल.

## टप्पा १ : तक्रार एका ओळीत लिहा

"पोटाचा त्रास" ही तक्रार नव्हे. कागदावर असं लिहा : काय होतंय, कधीपासून, दिवसातून किती वेळा आणि त्याच्या आधी काय बदललं. उदाहरणार्थ, "तीन दिवसांपासून अँटिबायोटिक चालू, कालपासून चार वेळा पातळ संडास." किंवा "दोन महिन्यांपासून जेवल्यावर पोट फुगतं, संडासला गेल्यावर बरं वाटतं."

हे लिहायचं कारण असं की प्रोबायोटिक म्हणजे एकच औषध नाही. वेगवेगळ्या जिवाणूंच्या आणि यीस्टच्या वेगवेगळ्या जाती असतात आणि एकीचा उपयोग जिथे दिसला तिथे दुसरीचा होईलच असं नाही. पुरावाही सगळीकडे सारखा नाही. अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब टाळण्यासाठी काही जातींच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे. आयबीएसमध्ये, म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही पोट फुगणं, कळ येणं, संडासची लय बिघडणं चालू राहतं त्या त्रासात, काही जणांना फरक पडतो आणि काहींना अजिबात पडत नाही. पित्त, छातीत जळजळ, ॲसिडिटी यांवर प्रोबायोटिक हा उपाय नाही. बद्धकोष्ठतेत फायदा झाला तरी थोडाच. तिथे पाणी, भाजी, सालीसकट डाळी, इसबगोल आणि सकाळची ठरलेली वेळ यांचं काम मोठं आहे. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली सगळा पुरावा तपासून बहुतेक पचनविकारांत प्रोबायोटिकची सरसकट शिफारस करता येत नाही असाच निष्कर्ष काढला.

आता चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या समोर मांडा. शुगरसाठीच्या मेटफॉर्मिनने अनेकांना पातळ होतं, विशेषतः डोस वाढवल्यावर. लोहाच्या गोळीने संडास काळी आणि घट्ट होते. कॅल्शियमने बद्धकोष्ठता होते, तर मॅग्नेशियम असलेल्या अँटासिडने पातळ होतं. कारण यात सापडलं तर प्रोबायोटिकचा प्रश्नच मिटतो. ज्या डॉक्टरांनी ते औषध लिहिलं त्यांना विचारून वेळ किंवा डोस बदलून घ्या. गोळी मनानेच बंद करू नका.

घरात एकाच वेळी दोघा-तिघांना त्रास होत असेल तर पाण्याकडे बघा. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, विहिरी वरपर्यंत भरतात आणि गळक्या पाइपलाइनमध्ये गटाराचं पाणी शिरतं. ग्रामपंचायतीने टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकलं की नाही हे विचारा आणि तोवर पाणी उकळून प्या. दूषित पाणी रोज पोटात जात असताना वरून पुड्या घेण्यात अर्थ नाही.

## टप्पा २ : ही लक्षणं असतील तर थेट दवाखाना

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर मेडिकलमध्ये न जाता डॉक्टरांकडे जा :

- संडासात रक्त, किंवा लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी संडास
- जुलाबासोबत मोठा ताप, किंवा आव पडून मुरडा येणं
- पोटात सतत वाढत जाणारी तीव्र कळ, पोट कडक होणं
- पाणीही न टिकणारी उलटी, लघवी कमी होणं, चक्कर, ग्लानी
- प्रयत्न न करता वजन उतरणं, भूक मरणं, रोज संध्याकाळी कसकस
- रात्री झोपेतून उठवणारे जुलाब
- डोळे पिवळे, गिळायला त्रास, हिमोग्लोबिन कमी
- वयाच्या पंचेचाळिशीनंतर संडासच्या सवयीत नव्याने झालेला आणि टिकून राहिलेला बदल

आतड्याचा टीबी, आतड्याला सूज येणारे आजार आणि कर्करोग यांची सुरुवात "पोट जरा बरं नाही" अशीच होते. पुडीने चार दिवस बरं वाटलं की तपासणी लांबते आणि तेवढाच आजार पुढे सरकतो.

सावधान, बागायतदारांनो. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. फवारणी करून आल्यावर काही तासांत उलटी-जुलाब सुरू झाले, सोबत तोंडाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधूक झालं, बाहुल्या बारीक झाल्या किंवा अंगाचे स्नायू फडफडायला लागले, तर ते पोट बिघडणं नसून कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा. इथे प्रोबायोटिक, ताक, लिंबू-सरबत यात एक मिनिटही घालवू नका.

## टप्पा ३ : जुलाब असतील तर आधी ओआरएस

जुलाबात माणूस जातो तो पाणी आणि क्षार कमी झाल्याने. प्रोबायोटिकने ते भरून निघत नाहीत. लहान मुलांच्या जुलाबात लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंच्या प्रचलित पुड्यांचा उपयोग होतो का, हे पाहणारे मोठे अभ्यास अमेरिकेत आणि कॅनडात झाले. २०१८ मध्ये त्यांचे निकाल आले तेव्हा खोटी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) पुडी घेतलेल्या मुलांपेक्षा खरी पुडी घेतलेली मुलं लवकर बरी झाली नव्हती. इतर काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे. एकूण हिशेब असा की ओआरएस आणि झिंक हवंच, प्रोबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तर.

करायचं असं :

१. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम पूर्ण टाका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. एक लिटरचं पाकीट पेल्याभर पाण्यात कालवतात, नाहीतर चिमूट-चिमूट टाकत दोन दिवस पुरवतात. घट्ट केलं तर क्षार जास्त होऊन बाळाला धोका, पातळ केलं तर उपयोग नाही. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचा आकडा आधी वाचा.

२. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिलिलिटर द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा.

३. २४ तासांत न संपलेलं द्रावण ओतून द्या.

४. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला झिंक १४ दिवस द्यायचं असतं : सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून झिंक थांबवायचं नाही. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळतं.

५. अंगावरचं दूध आणि नेहमीचं मऊ खाणं चालू ठेवा. उपाशी ठेवणं बाळाला आणखी खचवतं.

ओआरएससारखं नाव छापलेली डब्यातली गोड पेयं वेगळी आणि डब्ल्यूएचओच्या सूत्रानुसारचं ओआरएस वेगळं. पाकिटावर ते सूत्र लिहिलेलं आहे का, बघूनच घ्या.

तपासा : सहा तासांत लघवी झाली का? जीभ ओली आहे का? बाळ रडताना डोळ्यांत पाणी येतं का? यातलं एकही उत्तर "नाही" असेल तर पुढचा टप्पा वाचत बसू नका, बाळाला घेऊन निघा.

आणखी एक. जुलाब लागले की मेडिकलमधून ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची गोळी चिठ्ठीविना मागून घ्यायची आणि सोबत प्रोबायोटिक, ही जोडी आपल्याकडे रुळली आहे. बहुतेक साधे जुलाब विषाणूचे असतात आणि त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. ती गोळी गरज नसताना घेतली की पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि तेच भरून काढायला म्हणून आपण प्रोबायोटिक विकत घेतो.

## टप्पा ४ : डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही

निरोगी माणसाला प्रोबायोटिकचा धोका फार कमी असतो. पण ते जिवंत जंतू आहेत. शरीराची राखण कमजोर असेल तर तेच जंतू रक्तात शिरून संसर्ग करू शकतात आणि अशी प्रकरणं नोंदली गेली आहेत. पुढील मंडळींनी स्वतःच्या मनाने एकही पुडी घेऊ नये :

केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, जास्त डोसची स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. एचआयव्हीत प्रतिकारशक्ती खालावलेले. डायलिसिससाठी मानेत किंवा छातीत नळी असलेले, आयसीयूतले रुग्ण. हृदयाची झडप खराब असलेले किंवा बदललेले. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली बरीच माणसं आपल्या भागात आहेत आणि झडपेचा आजार पोटाच्या डॉक्टरांना सांगायचा असतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. नुकतंच आतड्याचं ऑपरेशन झालेले. आणि स्वादुपिंडाला तीव्र सूज असलेले. नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना प्रोबायोटिक दिलं तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त झाले होते.

दिवस न भरता जन्मलेल्या बाळाला घरी काहीच द्यायचं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अशा बाळांबाबत स्पष्ट इशारा दिला आहे. दिवस भरलेलं बाळ असलं तरी वर्षाच्या आत बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. "शेजारच्या बाळाला चाललं" हा आधार धरू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही तपासणीच्या फेरीत एकदा विचारून घ्यावं.

घरात मानेत नळी असलेला रुग्ण असेल तर सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टची कॅप्सूल त्याच्या खोलीत फोडूसुद्धा नका. भुकटी हवेत उडते, हाताला लागते आणि नळीवाटे रक्तात जाऊ शकते.

## टप्पा ५ : लेबल वाचून घ्या

एकाच मांडणीत दोन प्रकारचे माल असतात. एकावर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक असतो. दुसरा अन्नपूरक म्हणून विकला जातो, त्यावर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक असतो आणि ते औषध नाही असंही छापलेलं असतं. दोन्ही कायदेशीर आहेत. पण अन्नपूरकाच्या जाहिरातीत "अल्सर बरा करतो, मधुमेह घालवतो" असं लिहिलं असेल तर तो माल ठेवून द्या.

मग पुढच्या गोष्टी बघा.

जातीचं पूर्ण नाव. नुसतं "लॅक्टोबॅसिलस" पुरेसं नाही. कुळ, जात आणि त्यापुढे अक्षरांचा किंवा आकड्यांचा ओळखक्रमांक, असे तीन भाग हवेत. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी हे त्याचं उदाहरण. २०२० मध्ये या कुळाची शास्त्रीय नावं बदलली, त्यामुळे नव्या पाकिटावर हीच जात "लॅक्टिकेसीबॅसिलस रॅम्नोसस" अशी दिसेल. वस्तू तीच आहे, गोंधळू नका. "लॅक्टिक ॲसिड बॅसिलस" किंवा "लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस" असं लिहिलेलं असतं ते खरं तर बॅसिलस कोॲग्युलन्स.

सीएफयूचा आकडा. जिवंत जंतूंची ही मोजणी. पाकिटावर मिलियन-बिलियन असतं, ते असं वाचा : १ बिलियन म्हणजे १०० कोटी, ५ बिलियन म्हणजे ५०० कोटी. आपल्याकडच्या अन्ननियमांनुसार प्रोबायोटिक अन्नात दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू असावे लागतात. आकडा मोठा म्हणजे गुण मोठा, असं मात्र नाही. ज्या जातीचा अभ्यास ज्या मात्रेत झाला तीच मात्रा कामाची. आणखी एक बारीक गोष्ट : आकडा बनवतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा? दुसरा असेल तर तो माल जास्त भरवशाचा.

सोबतचे घटक. बऱ्याच कॅप्सूलमध्ये फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड किंवा इन्युलिन घातलेलं असतं. हे जंतूंचं खाद्य, म्हणजे प्रीबायोटिक. आयबीएसवाल्यांचं पोट यानेच जास्त फुगतं आणि नाव प्रोबायोटिकचं खराब होतं. तुमची तक्रारच गॅसची असेल तर हे नसलेला माल मागा. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी दुधाचा अंश आहे का ते बघावं. सांगली भागात जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी : कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असेल तर ते प्राण्यापासूनचं असतं. वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल किंवा पुडी मिळते, आधी विचारा.

मुदत आणि साठवण. मुदत संपायला महिना उरलेला माल सवलतीत मिळाला तरी सोडा. "२ ते ८ अंशांत ठेवा" असं छापलेलं पाकीट दुकानदार फ्रिजमधून काढून देतो की बाहेरच्या फळीवरून, हे डोळ्यांनी बघा. फळीवरून दिलं तर घेऊ नका, भिडेखातरही नाही.

तपासा : डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या नावापुढे "एलबी" असं लिहिलं आहे का? तसं असेल तर त्याच गोळीत लॅक्टिक ॲसिड बॅसिलस घातलेला असतो. वरून वेगळी पुडी हवीच का, ते त्यांना विचारा.

## टप्पा ६ : दुकानातून घरी आणि घरात

इथे माल सर्वात जास्त वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेत पारा चाळिशीला टेकतो. उन्हात लावलेल्या दुचाकीची डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. मेडिकलमधून औषध घेतलं, ते डिकीत टाकलं, मग बाजार, बँक आणि पाहुण्यांकडे चहा असं तीन तासांनी घरी पोहोचलं, तर फ्रिजमधल्या जातीची पुडी घरी येईपर्यंत निम्मी मेलेली असू शकते. बाहेरून काही कळत नाही. रंग तोच, वास तोच. म्हणून प्रोबायोटिक सगळ्यात शेवटी घ्या आणि थेट घरी या. जत, आटपाडी किंवा माणमधल्या गावी एसटीने जायचं असेल तर जाड कापडी पिशवीत, पाण्याच्या गार बाटलीशेजारी कागदात गुंडाळून ठेवा. पुडीला पाणी लागू देऊ नका. कुरिअरने मागवायचा असेल तर उन्हाळ्यात फ्रिजचा माल मागवूच नका.

सगळ्याच जातींना फ्रिज लागत नाही. बॅसिलस क्लॉसाय आणि बॅसिलस कोॲग्युलन्स बीजाणूच्या रूपात असतात. त्यांच्याभोवती टणक कवच असतं, त्यामुळे ते उष्णता बऱ्यापैकी सोसतात. ज्या घरात फ्रिज नाही किंवा वीज तासन्‌तास जाते तिथे डॉक्टरांना हे सांगा, म्हणजे त्यांना चालत असेल तर ते बाहेर टिकणारी जात लिहून देतील.

फ्रिजमध्ये ठेवताना मधल्या फळीवर ठेवा. दारात नको, कारण दार उघडलं की तिथे गरम हवा आधी लागते. बर्फाच्या कप्प्यातही नको. वीज गेली तर फ्रिज उघडू नका, थोड्या वेळाने काही बिघडत नाही.

दमट हवा उष्णतेइतकीच वाईट. पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याकडे पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथे उघडी बाटली ओलावा ओढून घेते. बाटलीतली छोटी दाणेदार पुडी ओलावा शोषण्यासाठी असते, ती फेकू नका. कॅप्सूल काढून आठवड्याच्या डब्यात भरून ठेवू नका. पट्टीतली असेल तर पट्टीतच, बाटलीतली असेल तर बाटलीतच ठेवा. झाकण लगेच घट्ट लावा.

सावधान. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या घरांत औषधांचे डबे पाण्याखाली गेले होते. पुराचं पाणी लागलेली कोणतीही पट्टी किंवा पुडी, वरून कोरडी आणि धडधाकट दिसली तरी, वापरायची नाही.

## टप्पा ७ : घेण्याची पद्धत आणि अँटिबायोटिकचं वेळापत्रक

विरजण उकळत्या दुधात घातलं तर दही लागत नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पुडीचंही तेच आहे. चहा, कॉफी, गरम दूध, वाफाळती पेज यात ती टाकायची नाही. गार किंवा कोमट पाण्यात, गार दुधात किंवा ताकात मिसळा आणि मिसळली की लगेच प्या. सकाळी मिसळून ठेवली आणि दुपारी घेतली, असं चालत नाही. दारूसोबत तर नाहीच.

वेळ लेबलवर दिली असेल ती पाळा. दिली नसेल तर जेवणाबरोबर किंवा जेवणाआधी अर्धा तास बरं पडतं. रोजची वेळ एकच ठेवा.

बॅसिलस क्लॉसायची छोटी प्लास्टिकची कुपी येते. ती हलवून, फोडून लगेच प्यायची. दिसायला इंजेक्शनच्या कुपीसारखी असली तरी ती फक्त तोंडाने घ्यायची आहे. घरी इंजेक्शन द्यायला कुणी येत असेल तर ती त्या औषधांमध्ये ठेवू नका.

आता अँटिबायोटिकबरोबर घ्यायचं असेल तर :

१. अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून, फार तर दोन दिवसांच्या आत सुरू करा. कोर्स संपत आल्यावर जुलाब लागले म्हणून सुरू केलं तर तितका उपयोग होत नाही.

२. दोन्ही गोळ्या एका घोटात घेऊ नका. जिवाणूंची पुडी असेल तर मध्ये किमान दोन तास हवेत. अँटिबायोटिक सकाळी आठ आणि रात्री आठला असेल तर प्रोबायोटिक दुपारी जेवताना. दिवसातून तीनदा अँटिबायोटिक असेल, सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा, तर प्रोबायोटिक सकाळी अकराला. घड्याळ बघून कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजच्या दाराला चिकटवा. तोंडी ठरवलेलं तिसऱ्या दिवशी विसरतं.

३. सॅकरोमायसिस बोलार्डी यीस्ट आहे, जिवाणू नाही. त्यामुळे अँटिबायोटिकने ते मरत नाही. पण फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध चालू असेल तर मरतं. नायट्यावर गोळी चालू असलेले लोक हे सांगायला विसरतात.

४. कोर्स संपल्यावर किती दिवस चालू ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. सहसा एक-दोन आठवडे सांगतात. त्यापुढे "चांगलंच आहे ना" म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवू नका.

५. अँटिबायोटिक चालू असताना किंवा संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा पातळ होऊन सोबत ताप किंवा पोटात कळ असेल, तर पुडी दुप्पट करू नका आणि जुलाब थांबवणारी गोळीही घेऊ नका. डॉक्टरांना फोन करा. अँटिबायोटिकने पोटात वाढणाऱ्या एका जिवाणूमुळे आतड्याला गंभीर सूज येऊ शकते आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

घरचं दही-ताक चालेल का, असं सगळे विचारतात. जरूर खा. दह्यातल्या जिवाणूंमुळे दुधातली साखर पचायला मदत होते, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसतं. ज्वारीची भाकरी, डाळ आणि ताक हे पोटासाठी उत्तम जेवण आहे. पण घरच्या विरजणात कुठली जात किती आहे हे मोजलेलं नसतं. डॉक्टरांनी ठराविक जात दिली असेल तर तिच्याऐवजी ताक धरायचं नाही. आणि कढी उकळली की त्यातले जिवाणू संपले, कढी चवीसाठी खा.

## टप्पा ८ : नोंद ठेवा आणि वेळेत थांबा

पहिले तीन-चार दिवस गॅस, गुडगुड, थोडं फुगणं होऊ शकतं. सहन होण्यासारखं असेल तर चालू ठेवा. आठवड्यानंतरही वाढतच असेल तर बंद करा.

रोज रात्री वहीत चार गोष्टी लिहा : संडास किती वेळा आणि कशी (गाठी, नीट, पातळ, पाणी), पोट फुगणं दहापैकी किती, कळ दहापैकी किती, आणि त्या दिवशी वेगळं काय खाल्लं. जत्रेतलं मटण किंवा लग्नातली पंगत असेल तर तेही लिहा, नाहीतर दोष पुडीला जातो. याच काळात त्रिफळा चूर्ण, इसबगोल, नवा काढा असं काही सोबत सुरू करू नका. एका वेळी एकच बदल केला तरच कशाने काय झालं ते कळतं.

आयबीएससारख्या जुन्या तक्रारीसाठी चार आठवडे एकच जात, एकच मात्रा घ्या. मग पहिल्या आणि चौथ्या आठवड्याची पानं शेजारी ठेवा. आकड्यांत फरक दिसत नसेल तर बंद करा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बारा आठवड्यांपर्यंत बघता येतं, त्यापुढे नाही. फरक पडला असेल तरीही एकदा थांबवून बघा. कित्येकांचं पोट तोवर आपलं आपण ताळ्यावर आलेलं असतं आणि महिन्याचा खर्च वाचतो. दर दहा दिवसांनी कंपनी बदलणाऱ्याला मात्र वर्षभरानेही काही उमगत नाही.

लगेच बंद करून डॉक्टरांकडे जायचं ते यासाठी : अंगावर गांध्या, ओठ किंवा चेहरा सुजणं, श्वासाला त्रास, थंडी वाजून ताप, संडासात रक्त. ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर १०८.

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर त्याची नोंद करता येते. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क फोन १८००-१८०-३०२४ आहे, रुग्ण स्वतःही कळवू शकतो. माल भेसळीचा किंवा बनावट वाटला तर पाकीट आणि बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या सातारा किंवा सांगलीच्या कार्यालयात तक्रार द्या. बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते, म्हणून दहा रुपयांच्या पुडीचंही बिल मागा.

चार आठवड्यांनीही त्रास तसाच असेल तर पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. मिरज, सांगली, कराड, सातारा, कुठेही गेलात तरी तीन गोष्टी सोबत न्या : ती वही, घेतलेल्या पुड्यांची रिकामी पाकिटं आणि चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या. "एक पांढरी कॅप्सूल होती" यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही, पाकिटावरच्या जातीच्या नावावरून आणि तारखेवरून बरंच कळतं.